गुडघ्याएवढी निलगिरी

सलूनवाल्या काकांनी चाळीस वर्षांत अख्ख्या वस्तीची डोकी भादरली, पण बायकोच्या निलगिरीला एकदाही कात्री लावली नाही. प्रेम हो, दुसरं काय! काकूंनी ते रोप वीतभर असताना खोलीच्या खिडकीबाहेर लावलं होतं. बटणासारखी गोल पानं आणि त्यांच्यावर चंदेरी भुकटी. नुसतं बोट फिरवलं तरी बोटाला लागायची. पाच वर्षांत झाड छपराच्या वर गेलं.

आणि काकू पडल्या. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, डॉक्टर म्हणाले, "आता चाला." पण काकूंनी अशी धास्ती घेतली की जमिनीला पाय म्हणून लावला नाही. दोन महिने तीच कॉट. डॉक्टरांनी काकांना बाजूला घेऊन सांगितलं, "अशाच राहिल्या तर कायमच्या अंथरुणाला खिळतील."

"माझं चांदीचं झाड कुठं गेलं हो?" एक दिवस काकूंनी विचारलं. खिडकीतून नुसतं खोड दिसत होतं. काकांनी बाहेर जाऊन मान वर केली, तर शेंड्याला लांबट हिरवी पानं! चांदीचा मागमूस नाही.

रोपवाटिकेतल्या बाईंनी कपाळावर हात मारला. "अहो, चंदेरी असतात ती कोवळी पानं. दरवर्षी थंडी सरताना झाड गुडघ्याएवढं छाटायचं असतं. एवढे कात्रीवाले तुम्ही, आणि हे माहीत नाही?"

"आता छाटलं तर?"

"फुटेल. नाहीतर मरेल. इतकी वर्षं हात लावला नाहीत, आता खात्री कोण देणार?"

काकांनी घरी येऊन काकूंना विचारलं, तर त्या भिंतीकडे तोंड करून म्हणाल्या, "कापा. मला आता काय बघायचंय?" काकांचं डोकंच फिरलं. दुसऱ्याच दिवशी त्यांनी करवत आणून झाड आडवं केलं.

पाच आठवडे खुंट ढिम्म. काका रोज सकाळी जाऊन बघायचे आणि तोंड पाडून परत यायचे. लोकांच्या दाढ्या करणाऱ्याची स्वतःची दाढी वाढली. गिऱ्हाइकं हसायला लागली.

सहाव्या आठवड्यात काका खुंटापाशी गेले आणि जागीच बसले. साल फोडून, मातीपासून वरपर्यंत, कोंबच कोंब! प्रत्येकाच्या टोकाला मोहरीएवढ्या चंदेरी पानांची जोडी. काल इथे काही नव्हतं! मेलं म्हणून ज्याची आशा सोडली, त्या लाकडाच्या आत हे सगळं बसून होतं? काकांच्या अंगावर सरसरून काटा आला. हात लावायचीही हिंमत होईना.

"अहो, काय झालं? मेलं का झाड?" आतून काकूंनी हाक मारली.

काकांचे डोळे घळाघळा वाहायला लागले.

"बोला की हो! मेलं का?"

काकांनी नुसतीच मान हलवली. ती आत कुणाला दिसणार? मग कॉट करकरली. काहीतरी सरकल्याचा आवाज झाला, नंतर बराच वेळ काहीच नाही. काकांनी वर पाहिलं. खिडकीचे गज दोन्ही हातांनी घट्ट धरून काकू उभ्या होत्या, घामाघूम.

"सरका बाजूला," त्या म्हणाल्या. "तुमच्या टकलापुढे काही दिसत नाहीये मला."