लाकडाशिवाय थांबलेली बकेट

आधीच सांगतो — हे वाचून कोणी मला अंगारा, ताईत किंवा कुठल्या बाबाचा पत्ता पाठवू नये. मी भूत मानत नाही, देव मानत नाही. तेव्हाही मानत नव्हतो, आज ऐंशी ओलांडली तरी नाही. पण घडलं ते घडलं... आणि लपवायचं तरी कशाला?

भिलाईचा कारखाना बांधला जात होता. नागपूरला बौद्ध धम्माची दीक्षा घेऊन आम्ही नवराबायको नुकतेच इकडे आलो होतो. जवळच्या मरोदा गावात झोपडी, बायकोला सातवा महिना. मी एका ठेकेदाराकडे फिटर होतो. त्याच्याकडे शेतातला एक जुना ट्रॅक्टर होता, पुढे माती उचलायची लोखंडी बकेट जोडलेली. ती उचलणारा हायड्रॉलिक सिलिंडर गळायला लागला. बकेट वर केली की हळूहळू खाली बसायची.

आता आदल्याच दिवशी त्या ट्रॅक्टरनं गावच्या ठाकुरदेवाचं झाड पाडलं होतं. झालं! देव कोपला म्हणत मुकादम वानखेडे सकाळी नारळ घेऊनच हजर. जो मशीन खोलेल त्यानंच नारळ फोडायचा, अशी तिथली पद्धत.

"फोड बावा, मंग पाना लाव. तुले काय जाते?"

"मी नाही फोडत. सील फाटलं म्हणून तेल गळून राहिलं. देवाले कायले मधात आणता?"

"नाही फोडला तं हजेरीतून नाव कापीन. पाहून घे."

"कापा!" म्हणालो खरा, पण घरात दोन दिवसांचं पीठ होतं.

आमच्या कामात एक नियम असतो — आधी लाकूड, मग पाना. वर उचललेल्या बकेटखाली रेल्वे रुळाखालचा लाकडी स्लीपर उभा केल्याशिवाय खाली शिरायचं नाही. मीच सगळ्यांकडून हे घोकवून घ्यायचो. आणि त्या दिवशी रागाच्या भरात मीच विसरलो. सिलिंडरच्या खालच्या नटाला पाना बसावा म्हणून बकेट वर होती, इंजिन बंद. मी सरळ खाली आडवा झालो आणि नट सोडला. सगळं तेल भसकन छातीवर, डोळ्यात...

डोळे पुसायला बाहेर आलो. ड्रायव्हर सुखराम पांढराफटक पडला होता.

"भइया... एला कोन धरे हे?" बकेट कोणी धरलीय, असं तो छत्तीसगढीत विचारत होता.

वळून पाहिलं. स्लीपर मागच्या चाकाजवळ, सकाळी ठेवला तिथेच. सिलिंडर रिकामा. आणि चार माणसांना न हलणारी बकेट तशीच वर! अकराचं लख्ख ऊन होतं, म्हणजे अंधारात भास झाला म्हणायचीही सोय नाही. आम्ही दोघं बघत उभे राहिलो. एक बिडी ओढून होईल एवढा वेळ गेला असेल, मग ती धाडकन खाली आली. मी पडलो होतो तिथल्या जमिनीत वीतभर खड्डा पडला.

सिलिंडरमधला दांडा अडकला असेल म्हणाल? मलाही तेच वाटलं. सिलिंडर खोलून दांडा हातानं ओढून पाहिला — लोण्यासारखा सरकला. ओरखडासुद्धा नव्हता. चामड्याचं नवं सील कापून बसवलं, तेल भरलं, बकेट उचलली. थेंब गळला नाही.

वानखेडे नारळ पुढे करून म्हणाला, "आता तरी फोड! कोणं वाचवलं तुले?"

"माहीत नाही," मी म्हटलं. "माहीत नाही त्याच्या नावानं काहून फोडू?"

त्यानं नाव कापलं. घरी बायकोला सगळं सांगितलं. तिनं माझा तेलकट सदरा धुवायला घेतला. मग म्हणाली, "जिते आले ना तुमी... बस झालं. काम दुसरं भेटते."

भेटलंही, आठ दिवसांनी. पुढे जन्मभर सिलिंडर खोलले, पण रिकाम्या सिलिंडरवर बकेट थांबलेली पुन्हा कधी पाहिली नाही. कितीतरी इंजिनियरांना विचारलं, एकालाही सांगता आलं नाही. मलाही येत नाही. उत्तर नाही, तर नाही. ती जागा मी रिकामीच ठेवली आहे, तिथे नारळ ठेवणार नाही.