दाबक्यांची बर्फगाडी

परीक्षित दाबके लीड्समधल्या एका इन्शुरन्स कंपनीत रिस्क मॅनेजर आहे. लोकांच्या हातून काय काय बिघडू शकतं याच्या याद्या करणं हा त्याचा व्यवसाय. स्वतःच्या हातून काय बिघडू शकतं, हे त्या यादीत कधी आलं नाही. वीस वर्षांपूर्वी तो पुण्याहून इथे आला आणि तेव्हापासून आम्ही इथली मराठी मंडळी दर दोन वर्षांनी त्याचा एखादा नवा छंद सोसत आलो आहोत. दुर्बीण झाली, कयाक झाली, आंबवलेल्या पिठाचा ब्रेड झाला. छंदाचे कपडे आधी यायचे. कपडे घालून फोटो निघाला की छंद आटपायचा.

बर्फगाडी मात्र टिकली, कारण ती त्याची एकट्याची नव्हती. ती ‘फॅमिली हॉबी’ होती. म्हणजे छंद त्याचा आणि कामं फॅमिलीची.

त्याचं असं झालं. नॉर्वेच्या सहलीत गाइडच्या मागे बसून तो चाळीस मिनिटं स्नोमोबाइलवरून फिरला आणि भारावून परतला. मग त्याने शोधून काढला केन. स्किप्टनच्या वरच्या डोंगरात राहणारा, मेंढ्या विकून निवृत्त झालेला शेतकरी. त्याच्या शेडमध्ये सत्तरच्या दशकातल्या दोन स्नोमोबाइल होत्या. पुढे दोन स्की, मागे रबरी पट्टा, मध्ये टू-स्ट्रोक इंजिन. पूर्वीच्या हिवाळ्यांत तो त्यांवरून मेंढ्यांना गवत पोचवायचा. त्यातली पिवळी त्याने परीक्षितला देऊन टाकली. शेडमध्ये जागा होईल, एवढाच त्याचा हिशोब असावा.

बायकोची, म्हणजे सुप्रभाची, गाडी गॅरेजमधून रस्त्यावर आली आणि पिवळी आत गेली. पाठीवर ‘टीम दाबके’ छापलेली तीन जॅकेटं आली. परीक्षितने शर्यतीचे नियम लिहिले, चौदा पानं. नियम चार : संस्थापक चालक दहा सेकंद आधी सुटेल. नियम नऊ : संस्थापक चालक अडकल्यास शर्यत थांबेल. त्याची सोळा वर्षांची मुलगी दिया हिने ते सगळं वाचलं आणि विचारलं, “बाबा, संस्थापक म्हणजे तूच ना? मग एकच ओळ लिहायची ना. बाबा जिंकणार.”

राहता राहिला बर्फ. आमच्याकडे तो पडतो दुधावरच्या सायीइतका आणि दुपारपर्यंत त्याचा चिखल होतो. पहिले दोन हिवाळे तर तेवढाही पडला नाही. परीक्षितने स्कींच्या खाली छोटी चाकं बसवली आणि दर रविवारी केनच्या कुरणात, गवतावर, शर्यती सुरू केल्या. एका गाडीवर तो, दुसऱ्या, केनच्या लाल गाडीवर सुप्रभा. बर्फ नसला की पट्ट्याखालचं प्लास्टिक तापून जळका वास येतो, म्हणून प्रत्येक फेरीनंतर दियाने बादलीने पाणी ओतायचं. मेंढ्या ओळीने उभ्या राहून बघायच्या. तो दर रविवारी जिंकायचा आणि घरी येताना गाडीत सुप्रभाला तिच्या चुका समजावून सांगायचा.

सुप्रभा ऐकून घ्यायची. ती दातांच्या लॅबमध्ये क्राउन आणि कवळ्या बनवते. केसाएवढं काम तिच्या बोटांना सरावाचं आहे. पिवळी बंद पडली की परीक्षित तिच्याभोवती फेऱ्या मारत यूट्यूबवरचे व्हिडिओ मोठ्याने लावायचा. एका शनिवारी कंटाळून सुप्रभाने कार्बोरेटर काढला, ओट्यावर वर्तमानपत्र पसरलं आणि लॅबमधल्या जुन्या हत्यारांनी त्यातली सुईएवढी भोकं साफ केली. दुपारी गाडी पहिल्या झटक्यात सुरू झाली. पुढे इंजिन, पट्टा, सगळंच तिच्याकडे आलं. टाकीवरच्या पॉलिशचं खातं परीक्षितने स्वतःकडे ठेवलं.

मंडळाच्या संक्रांतीच्या कार्यक्रमात त्याने या छंदावर स्लाइड शो केला. त्रेचाळीस स्लाइड्स. आपण कार्बोरेटर कसा उघडला, कसा जोडला, हे त्याने तपशिलात सांगितलं. सुप्रभा मागे तिळगूळ वाटत होती. आम्ही तिच्याकडे पाहिलं. ती वाटतच राहिली.

त्याच महिन्यात डोंगरात खरा बर्फ पडला. परीक्षितने सगळ्या मंडळाला आमंत्रण पाठवलं. थर्मास आणि इडल्यांचे डबे घेऊन आम्ही तेरा जण केनच्या कुंपणाशी जमलो. कमलाकर काका तर घरून खुर्ची घेऊन आले होते. तीन फेऱ्यांची शर्यत होती. दियाने झेंडा हलवला, संस्थापक चालक दहा सेकंद आधी सुटला आणि पहिल्याच वळणावर आमच्या फोनच्या कॅमेऱ्यांकडे बघून त्याने हात हलवला. वळण तिथेच राहिलं. पिवळी सरळ गेली आणि दगडी भिंतीला टेकून साचलेल्या बर्फात घुसली. मागे दिसत होतं ते फक्त ‘टीम दाबके’.

लागलं काहीच नाही. कमरेएवढ्या बर्फात उभं राहून त्याने दोन्ही हात वर केले. सुप्रभाने लाल गाडी त्याच्याजवळ आणून हळू केली. हवा इतकी शांत होती की आम्हाला सगळं ऐकू आलं.

“लागलं का तुला?”

“नाही. पण नियम नऊ. थांब आता.”

“मग ठीक आहे,” म्हणत तिने गाडी पुढे काढली.

तिने तिन्ही फेऱ्या पूर्ण केल्या. दर फेरीला ती त्याच्या समोरून जायची आणि दर फेरीला तो काहीतरी सांगायचा, पण इंजिनाच्या आवाजात ते विरून जायचं. शर्यत संपल्यावरच केनने फावडं आणलं.

कुंपणाशी पोचताच परीक्षितने खुलासा केला, की गाडी वळलीच नाही, कारण इंजिन नको तेव्हा उसळलं. “कार्बोरेटर हिने नीट लावला नव्हता.”

कमलाकर काकांनी चहाचा घोट घेतला आणि अगदी सहज विचारलं, “पण तो तू जोडला होतास ना रे? स्लाइडवर होतं.”

परीक्षित केनच्या शेडकडे निघून गेला. इडल्या मात्र छान झाल्या होत्या.

त्यानंतर नियमांची पानं कोणी काढली नाहीत. परीक्षितने पाठदुखीचं निमित्त केलं, आणि पिवळी केनच्या शेडमध्ये परत गेली. या वर्षी फेब्रुवारीत एका मंगळवारी पुन्हा बर्फ पडला. सुप्रभाने अर्ध्या दिवसाची रजा टाकली, कॉलेजला सुट्टी असलेल्या दियाला घेतलं आणि दोघी डोंगरात जाऊन दोन्ही गाड्या मनसोक्त पळवून आल्या. परीक्षितला ते कळलं दियाने टाकलेल्या फोटोवरून.

जेवताना त्याने विचारलं, “मला सांगितलं का नाही?”

“तू आला असतास,” सुप्रभा म्हणाली.

तो बराच वेळ आमटीत भात कालवत राहिला. मग ताटातून वर न बघता त्याने विचारलं, “किती इंच होता?”

“सहा. वरच्या कुरणात आठ.”

“पिवळी सुरू झाली?”

“दुसऱ्या झटक्यात,” तिने सांगितलं, आणि त्याच्या पानात आणखी आमटी वाढली.