दहापैकी पाच

रोज सकाळी तोंड धुतलं की तो कानाला हेडफोन लावून बसायचा आणि गाणं लावायचा नाही. आवाजाचं बटण शेवटपर्यंत फिरवायचा, डोळे मिटायचा आणि दहा मिनिटं त्या रिकाम्या तारांमधून काय येतंय ते ऐकत राहायचा. कधी बारीक शीळ यायची. कधी तापल्या तव्यावर थेंब पडावा तसं चर्र व्हायचं. कॉम्प्युटरचा माउस हलवला की एक किरकिर सुरू, थांबवला की बंद. मग तो हेडफोन काढून भिंतीला सांगितल्यासारखं म्हणायचा, "अजून आहे." त्या दहा मिनिटांत घरात फ्रिज बंद, पंखे बंद. चहा ढवळताना त्याची बायको चमचा पातेल्याला लागू द्यायची नाही.

लोक त्याला कानसेन म्हणत. पहिल्यांदा ज्याने कोणी म्हटलं त्याच्या मनात कौतुक असावं. पुढे कौतुक झडून गेलं आणि नाव तेवढं राहिलं. बायकोच्या थोरल्या भावाचं दुरुस्तीचं दुकान होतं, तिथे तो अँप्लिफायर नि स्पीकर उघडून बसायचा. हा दादा येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचा, "आमच्या मेहुण्यांना मुंगी शिंकलेली ऐकू येते. माझ्या बहिणीची हाक तेवढी येत नाही."

सात वर्षं तो एका डबीच्या मागे लागला होता. त्याचं म्हणणं साधं होतं, आणि तो ते जेवताना, कपडे वाळत घालताना, पाहुण्यांनी चपला काढायच्या आतसुद्धा सांगायचा. कॉम्प्युटरमधलं गाणं म्हणजे नुसते आकडे, सेकंदाला चव्वेचाळीस हजार शंभर. ते एका केबलमधून डॅक नावाच्या यंत्रात जातात आणि तिथे त्यांचा पुन्हा आवाज होतो. आकडे चुकत नाहीत. पण प्रत्येक आकड्याची एक वेळ असते. आतलं घड्याळ थरथरलं की एक आकडा केसभर आधी पडतो, दुसरा केसभर उशिरा, आणि सुराची कड उसवते. शिवाय त्याच केबलमधून कॉम्प्युटरच्या पोटातली विजेची सगळी घाण वाहत येते ती वेगळीच. त्याची डबी मधे बसायची होती. घाण अलीकडेच अडवायची, आणि एकेका आकड्याला थोपवून वेळेवर पुढे सोडायचं.

"आकडे बरोबर असून भागत नाही गं," तो बायकोला म्हणायचा. "वेळेवर यायला लागतात."

"तुम्ही एकदा तरी जेवायला या वेळेवर," ती म्हणायची.

डबीतलं घड्याळ म्हणजे नखाएवढा क्रिस्टल. त्याला जमिनीचा हादरासुद्धा सोसवत नाही म्हणून त्याने तो इलॅस्टिकवर टांगला होता, झोळीत बाळ ठेवावं तसा. इलॅस्टिक मुलीच्या शाळेच्या स्कर्टातून काढलेलं. मुलगी सकाळी एका हाताने स्कर्ट धरून उभी राहिली तेव्हा तो म्हणाला, "पिन लाव ना."

बायको प्राथमिक शाळेत चौथीला शिकवायची. गावभर तिला बाई म्हणत. परीक्षेच्या मार्कांत तिने कधी कोणाचं तोंड पाहिलं नाही अशी तिची ख्याती होती. घरात मात्र ती चवड्यांवर चालायला शिकली होती, कारण तिची टाच आपटते असं नवऱ्याने एकदा सांगितलं होतं. एकदा सांगितलं आणि मग रोज सांगितलं. बंद केलेला फ्रिज परत लावायचं तो विसरायचा, आणि उन्हाळ्यात दूध नासायचं. ती नासलेलं दूध ओतायची आणि नवं आणायला जायची.

मुलगी नऊ वर्षांची असताना शाळेच्या समूहगानात पहिलं कडवं एकटीने म्हणायला तिला मिळालं. तिने ते घरी मोबाइलवर रेकॉर्ड केलं, पुसलं, परत केलं, पुन्हा पुसलं. जमलं तेव्हा बाबांकडे गेली आणि हेडफोन स्वतःच्या हाताने त्याच्या कानाला लावला. समोर उभी राहून त्याच्या चेहऱ्याकडे बघत राहिली. त्याने शेवटपर्यंत ऐकलं. मन लावून ऐकलं. मग हेडफोन काढून म्हणाला, "मागे फ्रिज चालू होता."

पोरगी फोन घेऊन आत गेली. त्यानंतर ती घरात गायली नाही. हे त्याच्या ध्यानात आलं नाही. बायकोच्या आलं, आणि तिने ते धार लावून ठेवलं.

गावात दाताचे एक डॉक्टर होते. त्यांच्या घरी एका खोलीच्या भिंतींना गालिचे ठोकलेले होते आणि दर रविवारी सकाळी चारपाच जण तिथे गाणी ऐकायला जमत. त्यांत एक वकील होते, दादाही अधूनमधून असायचा. कानसेन त्यांच्यात बसायचा तो यंत्रं बिघडली तर हाताशी असावा म्हणून. डबी पुरी झाली तेव्हा तो ती तिथे घेऊन गेला. ऐकून कोणी म्हणालं फरक आहे, कोणी म्हणालं मनाचे खेळ आहेत. वकील म्हणाले, "डोळ्यांना दिसतंय म्हणून कानांना ऐकू येतंय. पडद्यामागे ठेवा आणि मग ओळखून दाखवा."

त्याचा चेहरा लाल झाला. तो म्हणाला, दहा वेळा वाजवा. दहापैकी नऊ ओळखले नाहीत तर ही डबी मोडेन आणि पुन्हा असल्या कामाला हात लावणार नाही. हसत कोणी टाळी द्यायला हात पुढे केला, तर त्याने त्यावर खरंच हात मारला.

पडद्यामागे कोणी बसायचं यावर वाद झाला. डॉक्टर म्हणाले, बाईंना बोलवा. वकिलांनी हरकत घेतली की नवऱ्याच्या खटल्यात बायको साक्षीदार कशी चालेल. "माझा मुलगा त्यांच्या वर्गात होता," डॉक्टर म्हणाले. "अर्धा मार्क मागायला मी स्वतः गेलो होतो. मला बाहेर उभं केलं त्यांनी." सगळे हसले आणि तसंच ठरलं. बाई मार्क वाढवून देणार नाहीत, एवढंच त्यांनी पाहिलं. कमी देतील, हे कोणाच्या डोक्यात आलं नाही.

पुढच्या रविवारी ती आली. घरी बसून तिने मनाशी ठरवलं होतं, जे होईल ते लिहायचं. पडद्यामागे टेबल, टेबलावर कॉम्प्युटर, डॅक, डबी आणि एक बटण. बटण इकडे केलं की आवाज डबीतून जाणार, तिकडे केलं की सरळ. नाणं उडवायचं. छापा पडला तर डबी, काटा पडला तर सरळ. पियानोचा एक तुकडा वाजणार, त्यातला शेवटचा सूर लांबत लांबत विरणार, आणि पडद्याकडे पाठ करून बसलेला तिचा नवरा एक शब्द बोलणार. तिने कागदावर दोन रकाने आखले, वर्गात आखायची तसे, पट्टीने.

पहिल्यांदा छापा. "डबी," तो म्हणाला. दुसऱ्यांदा परत छापा. "डबीच." तिसऱ्यांदा काटा. "सरळ. घाण आली."

सहाव्या वेळेपर्यंत त्याचं एकही उत्तर चुकलं नव्हतं. आठव्या वेळी तिने बटण मुद्दाम दोनदा खटखट करून होतं तिथेच आणून ठेवलं. आपण हे का केलं हे तिला कळत होतं. तो फसला नाही. नवव्या वेळी त्याने सूर विरायचीही वाट पाहिली नाही. दहावं उत्तर देऊन तो हसला, अगदी हलकं, स्वतःशीच. असं हसू तिने कित्येक वर्षांत ऐकलं नव्हतं. तिच्यासाठी नव्हतं, मुलीसाठीही नव्हतं. ते त्या डबीला उद्देशून होतं.

कागदावर दहाच्या दहा उत्तरं बरोबर होती. असा पेपर तिच्या वर्गात वर्षातून एखादा यायचा आणि त्यावर ती लाल शाईने शाबास लिहायची. तिने कागदाची घडी घातली. घडी घालता घालता तिला पुढच्या सगळ्या सकाळी दिसल्या. दुसरी डबी, तिसरी डबी, आणि म्हातारपणापर्यंत चवड्यांवर चालणारी ती.

"किती झाले, बाई?" डॉक्टरांनी विचारलं.

ती पडदा सारून बाहेर आली. "पाच," ती म्हणाली.

वकील म्हणाले, "पाच तर नाण्यालाही मिळाले असते. नाणंच बसवायचं होतं खुर्चीवर." खोली हसून हसून लोळली. दादाने त्याच्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाला, सुंठीवाचून खोकला गेला, उद्यापासून माणसात या.

तो बायकोकडे बघत होता. "नीट मोजलंस?"

"मोजायचं काय त्यात?"

त्याने मान हलवली. कागद मागितला नाही. वकिलांचा कागद असता तर त्याने हिसकावून घेतला असता. हा तिचा होता. दुसऱ्या दिवशी तिने तो शाळेत जुन्या उत्तरपत्रिकांच्या टोपलीत फाडून टाकला.

तो शब्दाला जागला. डबी उघडून एकेक भाग दुकानातल्या ज्या त्या खणात टाकला आणि सकाळचं ऐकणं बंद केलं. आठवडाभराने सांगू, जरा अद्दल घडू दे, असं तिने ठरवलं होतं. आठवड्याने घरात पंखे फिरत होते, दूध टिकत होतं आणि ती टाचा टेकवून चालत होती. महिन्याभराने सांगू म्हणाली. तोवर त्याच्यात असा काही पालट झाला होता की सांगायचं म्हणजे काय सांगायचं, हेच तिला कळेना.

त्याचा कानांवरचा विश्वास उडाला होता. दुकानात दादाने विचारलं की हा स्पीकर फाटतोय का, तर तो म्हणायचा, "मीटर लाव, मला काय विचारतोस." दाराची बेल वाजली की बायकोकडे बघायचा आणि ती उठली तरच उठायचा. कानाच्या डॉक्टरांनी तपासून सगळं ठीक म्हणून कागद दिला, तो त्याने घडी न मोडता कपाटात ठेवला. वर्षभराने दाताच्या डॉक्टरांनी तशीच एक तयार डबी परदेशातून मागवली आणि त्याला मुद्दाम बोलावून ऐकवली. घरी येऊन त्याने बायकोला सांगितलं की छान वाटलं, पण छान वाटण्याला काही अर्थ नाही. डॉक्टरांनी फरक विचारला तेव्हा त्याने कळत नाही म्हणून सांगितलं होतं. ते सांगताना तो भाजी निवडत होता. आता तो घरात मदत करायचा, सगळ्यांशी गोड बोलायचा, कोणाला दुखवायचा नाही. शेजारणी म्हणायच्या, बाई, तुमच्या नवऱ्यासारखा नवरा नाही.

तिसऱ्या वर्षी एका दुपारी तो कुशीवर पडला होता, कान उशीत. "अगं," तो म्हणाला, "एक ठोका उशिरा पडतोय."

"कसला?"

"छातीतला. चारपाच बरोबर पडतात, मग एक केसभर मागे. कधी एखादा गळतोच."

तिने त्याच्या छातीला कान लावला. वर पंखा फिरत होता. तिला नुसती धडधड ऐकू आली, कोणाचीही असते तशी. "मला तर बरोबर वाटतंय," ती म्हणाली.

"मग नसेल. माझ्या कानांचं काय खरं."

या जगात एकट्या तिला माहीत होतं की हा माणूस म्हणतो ते खरं असणार. तो केसभर म्हणाला म्हणजे केसभरच असणार. तिने डॉक्टरकडे जाऊ या म्हणून पाहिलं. तो हसला. "काय सांगू तिथे? दहापैकी पाच ठोके चुकतात म्हणून?"

एक वाक्य होतं. ते तिच्या तोंडाशी आलं, आणि त्याच्या मागून तीन वर्षांचं सगळं यायला लागलं. त्याने काय विचारलं असतं, मुलगी काय म्हणाली असती, गावभर बाईंचं काय झालं असतं. तिने उशीचा अभ्रा सारखा केला.

"गॅस झाला असेल," ती म्हणाली.

"असेल," तो म्हणाला. त्याने तिच्यावर विश्वास ठेवला. नंतर दोनदा त्याने तो विषय काढला आणि दोन्ही वेळा स्वतःच मिटवला.

अकरा आठवड्यांनी एका मंगळवारी दुकानात तो कामाच्या टेबलावर पुढे झुकला आणि तसाच राहिला, डावा कान लाकडाला टेकवून. दादा गिऱ्हाइकाशी बोलत होता. त्याला वाटलं जुनी खोड परत आली. "काय कानसेन," तो ओरडला, "टेबल काय म्हणतंय?" गिऱ्हाईकही हसलं. दोघांनी तिकडे पुन्हा पाहिलं तेव्हा हातातून सुटलेल्या सोल्डरिंगच्या तापल्या कांबीने टेबलाला भोक पाडलं होतं.

भेटायला आलेले लोक विचारत होते, शेवटचं काय बोलले. अशा वेळी माणसं काही मोठं ऐकायला आलेली असतात. मुलगी तर तीनतीनदा विचारायची. बायको सगळ्यांना तेच सांगायची, जसं होतं तसं, एक शब्द कमीजास्त न करता. सकाळची शाळेची घाई होती. तो दाराशी स्टुलावर पाठमोरा बसून बुटाच्या नाड्या बांधत होता आणि ती पर्स काखेत मारून, चपला आतच चढवून येत होती. तिच्याकडे वळूनही न बघता तो म्हणाला, "उजव्या चपलेचा अंगठा सुटत आलाय तुझा. दुसरी घालून जा, ही मी शिवायला टाकतो."