अल्ताफची हजेरी

आधीच माफी मागतो. अल्ताफवर लिहायचा हक्क त्याच्या घरच्यांचा. मी त्याला जेमतेम दोन वर्षं ओळखत होतो, आणि आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच, त्यामुळे असं काही कसं लिहितात हेही कुणाला विचारता येत नाही. पण एक गोष्ट फक्त मलाच ठाऊक आहे. त्याच्या वडिलांना ती तोंडावर सांगायला जमलं नाही... म्हणून लिहितो.

पहिल्या वर्षी प्रयोगशाळेत तो माझा जोडीदार होता. मी यवतमाळकडचा, कर्वेनगरात खोली घेऊन राहणारा. तो खडकीचा, वडिलांचं तिथल्या बाजारात शिलाईचं दुकान. माझ्या तोंडून 'माह्यं जर्नल' निघालं की तो गंभीर चेहऱ्याने म्हणायचा, "आपलं आपल्यापाशीच ठेवा साहेब, पुण्यात चोऱ्या फार." पण माझ्या वेड्यावाकड्या आकृत्या पुसून नीट काढून द्यायचा तोच. त्याची रेघ पट्टीशिवाय सरळ यायची. कापडावर खडूने रेघा मारतच मोठा झालोय, म्हणायचा.

दुसऱ्या वर्षी दिवाळीनंतर ती रेघ बिघडली. लिहिता लिहिता हाताला मध्येच झटका बसायचा आणि पेन्सिल पानभर उडायची. एकदा कँटीनमध्ये ग्लास हातातून सुटला. "इथे चहा अर्धाच देतात ते बरं," तो म्हणाला, "नुकसानही अर्धंच." आम्ही खूप हसलो. मग तो साध्या गोष्टी विसरायला लागला, चालताना तोल जायला लागला. आठवड्यातून दोनदा यायचा, पुढे तेही थांबलं. घरचे दिवसभर दुकानात असायचे; तो घरी आहे की कॉलेजात, हे त्यांना दिसत नव्हतं.

हजेरी कमी भरली की परीक्षेला बसू देत नाहीत. ती भीती माझ्यासारख्याच्या पोटात कायमची असते; वर्ष गेलं तर घरी परत जाण्यावाचून दुसरं काही नसतं. म्हणून मी शेवटच्या बाकावर बसून, आवाज बदलून, त्याच्या नंबरालाही 'येस सर' म्हणायला लागलो. सर मान वर करत नसत. फोनवर त्याला सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "नको रे. मी आजारी आहे. गैरहजर लागू दे." मला वाटलं, भिडेपोटी म्हणतोय. मी प्रॉक्सी लावत राहिलो.

फेब्रुवारीत त्याचे वडील, मी त्यांना चाचा म्हणायचो, कॉलेजात आले. मुलाला आजारपणाची सवलत मिळेल का, विचारायला. सरांनी हजेरीचा कागद त्यांच्यासमोर धरला. "अहो, तुमचा मुलगा जवळजवळ रोज वर्गात असतो. मग आजारी कधी असतो?" मी दाराशी उभा होतो. एक वाक्य पुरलं असतं. पण प्रॉक्सीला निलंबन होतं, आणि गावात माझे वडील भेटेल त्याला सांगत होते, पोरगं पुण्यात शिकतंय... चाचा तो कागद घडी करून डॉक्टरांकडे घेऊन गेले. कॉलेजात ठीक आणि घरीच त्रास, म्हणजे मनावरचा ताण असावा, असं ठरलं. झोपेच्या गोळ्या सुरू झाल्या. त्यात तीन महिने गेले.

शेवटचा भेटलो तेव्हा तो पलंगावर होता. शब्द जुळवायला वेळ लागत होता. "तुला पण वाटतं... मी नाटक करतो?" मी 'नाही' म्हटलं. खरं तर एकदा मलाही तसं वाटलं होतं. आणि बोलायचं होतं ते सोडून म्हणालो, "लवकर ये, सबमिशन आहे." त्याने माझ्याकडे पाहिलं. पूर्वीचा अल्ताफ यावर काहीतरी बोलला असता.

नंतर त्याचं अंग ताठ होत गेलं. मोठ्या दवाखान्यात नेलं, पाठीच्या कण्यातून पाणी काढून तपासायला पाठवलं. रिपोर्ट यायच्या आधीच तो गेला.

त्याचं जर्नल माझ्याकडेच आहे. परवा ते उघडून, ती उडालेली रेघ बघत बसलो होतो, तेव्हा चाचांचा फोन आला.

"रिपोर्ट आला बेटा. गोवर होता."

मला कळेना. त्यांनी डॉक्टरांनी सांगितलेलं जपून, शब्दन्‌शब्द सांगितलं. अल्ताफ आठ महिन्यांचा असताना त्याला गोवर आला होता, लस टोचायची वेळ यायच्या आधीच. अंगावरचे पुरळ गेले, पण विषाणू मेंदूत दबून राहिला. इतक्या वर्षांनी तो उठला. शरीर त्याच्याशी जीव तोडून लढलं, पण त्याला हुसकावू शकलं नाही, आणि त्या लढाईत मेंदूच सुजत गेला.

"आधी कळलं असतं तर?" मी कसंबसं विचारलं.

"बरा झाला नसता म्हणतात. थोडा वेळ मिळाला असता, कदाचित." मागे शिलाई मशीन चालू नव्हतं. "होता तो वेळ आम्ही त्याला रागवण्यात घालवला, बेटा. रोज विचारायचो त्याला, कॉलेजात धडधाकट असतोस, मग घरी आलास की तुला काय होतं?"