दाढेखालची सरकी

वणीच्या जिनात, कापसातून सरकी काढायच्या कारखान्यात, कापसाची गाडी शिरली की देवीलाल शेठ गादीवरूनच ओरडायचे, "अरे, बळीरामला बुलाव! त्याची दाढ बोलल्याबिगर काटा नाय होणार!"

मग बळीराम ऐटीत यायचा. कापसात कोपरापर्यंत हात घालून तळातली चिमूट ओढायचा, सरकी सोडवून दाढेखाली धरायचा. वाळलेली कट्टकन फुटते, ओली दबते. मधलं जे काही असतं, ते त्याच्या हिरडीला कळायचं. ओला कापूस गंजीत गेला की आतून तापतो, पिवळा पडतो. म्हणून त्या दाढेला मान.

तंबाखू-सुपारीच्या खर्ऱ्यानं ती दाढ नेली, मागोमाग बाकीचेही दात गेले. कवळी बसवली, तर पहिल्याच सरकीला कवळी कापसात! गाडीवाले खिदळले, "बळीरामभाऊ, दात बी काट्यावर टाकू का?"

त्या वर्षांत कापसाचंच खरं नव्हतं. जिनं बंद पडत होती, माणसं घरी बसत होती. शेठनं सांगून टाकलं, "खरेदीच्या मुहूर्तापर्यंत पक्के दात ला. नाय तर ओल मोजायची मशीन आणतो."

खाणीत कामाला असलेल्या राजदीपनं बापाला नागपूरला नेलं. डॉक्टर गोड बोलायचा, "हे बघा काका, हाडात स्क्रू, स्क्रूवर दात. काढायचे नाहीत, धुवायला ठेवायचे नाहीत. बिनधास्त ऊस सोला!"

"फुटनार नाई ना?"

"छे हो!"

"हालनार नाई ना?"

"मुळीच नाही."

बळीरामनं एवढंच विचारलं. हाड स्क्रूला धरेपर्यंत तो कण्या गिळत राहिला. शेवटी दात बसले, तेव्हा त्याची बायको सत्यभामा म्हणाली, "अवो, हसा तं! नवरदेव दिसून राह्यले."

मुहूर्ताला पहिल्या गाडीला हार घातला. बळीरामनं सरकी चावली. कट्ट! "वाह रे शेर!" शेठनं मांडी थोपटली.

बळीरामला मात्र काहीच कळलं नव्हतं; स्क्रूवरच्या दातातून हिरडीपर्यंत काही पोचतच नव्हतं. शेजारच्या घराचं दार कुणी वाजवावं, तसं वाटलं. त्यानं दुसरी सरकी घेतली. तीही वाजली, पण सुकी की मधली, ते समजेना.

"बोल ना, बळीराम!"

"सुकी हाय," तो म्हणाला.

मग रोज तेच. हातानं चाचपायचं, चावल्यासारखं करायचं आणि अंदाजानं बोलायचं. दिवाळी सरली आणि गंजीतून वाफ निघाली. कामगारांनी वरचा कापूस उपसला, तर आतला हळदीसारखा पिवळा.

शेठ ओरडले असते तर बरं झालं असतं. ते हळूच म्हणाले, "घरी बैठ आता. दात मात्र फस्क्लास आहेत तुझे."

घरी सत्यभामानं फुटाणे पुढं ठेवले. तो चावत राहिला, कटाकट.

"कसे लागतेत?"

"आवाज येते," बळीराम म्हणाला.