पालथी पडली हो!

"हो पालथी!"

घरात पाऊल टाकल्या टाकल्या मावशी हेच म्हणायच्या. चहा नाही, पाणी नाही. चपला दाराशी, पदर कमरेला आणि लगेच हुकूम. एकदा विजेचं मीटर बघायला आलेला माणूस कंबर धरून उभा राहिला, तर त्यालाही त्यांनी आमच्या सतरंजीवर झोपवलं. तुमच्याही ओळखीत असं एखादं माणूस असेलच.

त्र्याऐंशी-चौऱ्याऐंशीची गोष्ट. डोंबिवलीत आमच्या इमारतीला पाणी खालच्या नळालाच यायचं. लेक चार महिन्यांची होती. बादली घेऊन तिसरा मजला चढताना माझ्या कमरेत काहीतरी सटकलं आणि डाव्या पायात टाचेपर्यंत कळ गेली. डॉक्टर म्हणाले, मणक्यातली गादी सरकलीय. सासूबाई म्हणाल्या, "तरी मी सांगत होते, कापूस पिंजून घ्या!" हसू आलं, पण हसताही येईना.

बाळाला उचलायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. ती पाळण्यातून हात पुढे करायची आणि मी नुसती बघायची. कधी उचलता येईल ते कोणी सांगेना. मी उशीत तोंड खुपसून रडायचे.

मग डॉक्टरांनीच मावशींना धाडलं. त्या कल्याणच्या पुढे, मोहने गावात राहायच्या. कल्याणच्या एका दवाखान्यात, व्यायामाच्या खोलीत त्यांनी जन्म काढला होता. बाकी सगळ्यांनी मला उताणी निजवलं होतं, मावशींनी पालथी घातली. सासूबाई हबकल्याच.

"अहो, बाईमाणसानं असं पालथं पडू नये."

"नातीनं पडावं म्हणून देव पाण्यात घालून बसलाय, मग सुनेनं काय घोडं मारलंय?"

सुरुवातीला नुसतं पडणं. मग कोपरांवर. मग तळवे टेकून छाती वर, कंबर मात्र सतरंजीलाच.

"कळ कुठवर जाते?"

"पोटरीपर्यंत."

"परवा टाचेत होती ना? मग निघाली ती घराकडे!"

पायातली कळ वर सरकत कमरेत आली, की माणूस बरं व्हायला लागलं, असा त्यांचा अनुभव. उलट ती खाली उतरली, तर व्यायाम तिथल्या तिथे बंद आणि आधी डॉक्टरांना विचारायचं. या बाबतीत त्या भारी कडक होत्या.

एके दिवशी मी हात ताठ करून पुरती वर आले. मावशींना आनंद मावेना. घरी जाताना त्या कल्याणला माझ्या आईच्या दारात थांबल्या आणि ओरडल्या, "पोरगी पालथी पडून छाती उचलायला लागली हो!"

आमच्याकडे बाळ पालथं पडलं की करंज्या करतात. दुसऱ्या दिवशी आई डबा घेऊन हजर.

"कुठाय माझी नात? पडून दाखव गं आजीला!"

नात उताणी पडून पायाचा अंगठा चोखत होती. पालथी मी होते. मावशींनी कपाळावर हात मारला. "अहो, नात नाय, तुमची लेक!"

आई बघतच राहिली. मग सतरंजीवर बसली आणि मला तशीच, पालथीलाच, करंजी भरवली. "तू पहिल्यांदा पडलीस तेव्हाही केल्या होत्या," एवढंच म्हणाली. मावशी खिडकीकडे तोंड करून उभ्या राहिल्या. सासूबाईंनीही डोळे पुसले.

पुढे तीन महिन्यांनी मावशींनी लेकीला सतरंजीवर बसवलं. "गुडघे वाकव. पाठ सरळ. अंगाजवळ धर. हां, घे आता." मी माझी लेक उचलली. इतकं सुख मला त्याआधी कधी झालं नव्हतं.

मग आम्ही ठाण्याला राहायला गेलो. काही वर्षं दिवाळीला भेट व्हायची, नंतर तीही राहिली. चूक माझीच. दहाएक वर्षांनी करंज्यांचा डबा घेऊन मी मोहन्याला गेले. दार त्यांच्या सुनेनं उघडलं. मावशी दोन महिन्यांपूर्वीच गेल्या होत्या. त्याआधी वर्षभर अंथरुणात. स्वतःहून कूसही बदलता येत नव्हती त्यांना.

"अगं, मला कळवायचं तरी!" मी रडकुंडीला येऊन तिच्यावरच चिडले.

"मी म्हटलेलं ओ. पण त्यांनीच नाय कळवू दिलं. म्हणाल्या, ती आली तर मला उचलायला बघेल. तिची कंबर नाजूक आहे, नको."

मी गुडघे वाकवले, पाठ सरळ ठेवली, डबा अंगाजवळ धरला आणि सावकाश खाली टेकवला.