कॅप्टन व्हायचं राहिलं

कुठल्याही गाडीत बसण्याआधी हे आजोबा तिला प्रदक्षिणा घालायचे. टॅक्सी असो, लेकीची मोटार असो, सुपरमार्केटातली ट्रॉलीसुद्धा त्यातून सुटायची नाही. चारही चाकांकडे वाकून बघायचं, पत्र्यावर दोनदा थोपटायचं आणि मगच दाराला हात लावायचा. टॅक्सीवाले वैतागून म्हणायचे, "अंकल, माय टॅक्सी नो प्रॉब्लेम लाह." त्यावर आजोबांचं उत्तर ठरलेलं, "तुझ्यावर भरवसा आहे रे. टायरवर नाही." बोलायचे अर्थात इंग्रजीत, पण मला ते मराठीतच आठवतात. त्याला माझी आई जबाबदार आहे.

आई तेव्हा पुण्याहून परदेशात, पुंगोलला माझ्याकडे राहायला आली होती. तिने बाल्कनीतून हा सोहळा पाहिला आणि जाम खूश झाली. "बघ, एवढ्या मोठ्या वयाचा माणूस वाहनाला प्रदक्षिणा घालतोय. तुला दसऱ्याला स्कूटरला हार घाल म्हटलं तर कंटाळा यायचा." मी तिला कितीदा सांगितलं की ती पायलटांची सवय आहे, उडायच्या आधी विमान सगळीकडून तपासून घेतात. "मग तेच तर," आई म्हणाली.

त्या वर्षांत तुम्ही पुंगोलच्या एलआरटीने, म्हणजे तिथल्या छोट्या लोकल ट्रेनने फिरला असाल, तर तुम्हीही त्यांना पाहिलं असेल. उंच, ताठ कण्याचे आफ्रिकन-अमेरिकन गृहस्थ, नव्वदी ओलांडलेले, कडक इस्त्रीचा शर्ट. ही गाडी ड्रायव्हरशिवाय चालते, आणि पुढच्या काचेशी उभं राहायला सगळी चिल्लीपिल्ली ढकलाढकली करतात. त्या घोळक्यात हेही. "कुणीतरी लक्ष ठेवायला हवं ना," असं गंभीरपणे म्हणायचे.

त्यांची लेक बंदराजवळ हार्बरफ्रंटला एका शिपिंग कंपनीत होती आणि वडिलांना अमेरिकेहून आपल्याकडे घेऊन आली होती. आमच्याच मजल्यावर राहायची. तिच्याकडून कळलं की आजोबा दुसऱ्या महायुद्धात लढाऊ विमान चालवायचे. मी उडालेच. दुसऱ्या दिवशी लिफ्टमध्ये भेटले तेव्हा ऐटीत म्हटलं, "गुड मॉर्निंग, कॅप्टन."

"लेफ्टनंट," त्यांनी लगेच दुरुस्त केलं. "कॅप्टन व्हायचं राहिलं."

मला वाटलं, लष्करातल्या बढतीबद्दल म्हणतायत. तसं नव्हतं. ते कळलं आईच्या कांदेपोह्यांमुळे. पोहे खायला ते नेमाने यायचे. आई मराठीत विचारायची, ते इंग्रजीत सांगायचे आणि मधल्या मध्ये माझे पोहे गार व्हायचे. इटलीतून उडायचे ते. मोठ्या बाँबर विमानांना सोबत करायची, शत्रूची विमानं अंगावर आली की मध्ये घुसायचं. बाँबरमधले सगळे गोरे आणि राखण करणारे हे काळे. "आकाशात आम्ही त्यांना चालायचो. जेवायच्या टेबलावर नाही."

आईने विचारलं, "विमानाला कळत होतं का, आत कोण बसलंय?"

मी भाषांतर केलं. आजोबा इतके हसले की त्यांना ठसका लागला. "हिला त्या वेळी आमच्या जनरलकडे पाठवायला हवी होती," म्हणाले.

युद्ध संपल्यावर त्यांना प्रवासी विमान चालवायचं होतं. टोपी, बाह्यांवर सोनेरी पट्टे आणि मागे बसलेली माणसं. कंपन्या अर्ज वाचून खुशीत बोलवायच्या, आणि दारात आजोबा उभे दिसले की जागा नेमकी भरलेली असायची. बरीच वर्षं असं झालं. शेवटी त्यांनी गावात सिटी बस चालवली, रिटायर होईपर्यंत. बसलाही रोज प्रदक्षिणा. प्रत्येक स्टॉप येण्याआधी हवामान सांगायचे म्हणे. "पण बसच्या ड्रायव्हरला कॅप्टन कोण म्हणणार?" असं हसत म्हणाले आणि बशीतले शेंगदाणे वेचत बसले.

आता गंमत बघा. माझी नोकरीच मुळी सिम्युलेटरच्या सॉफ्टवेअरची. पायलटांना शिकवायची ती पांढरी खोली, यंत्राच्या पायांवर उभी असते, आत खऱ्यासारखं कॉकपिट असतं, जमिनीवर असून उडाल्यासारखी हलते. मी रोज तिच्याशी डोकं लावत होते आणि हे माझ्या शेजारी राहत होते. मला धड बसवेना. त्यांच्या लेकीला सांगितलं तर तिचा चेहरा उतरला. "तब्येतीचं मी बघते," ती म्हणाली. "पण हो म्हणून ऐनवेळी परत 'नाही' म्हणू नका त्यांना. तेवढं आता त्यांना झेपणार नाही."

आमचे मुख्य इन्स्ट्रक्टर म्हणजे निवृत्त चिनी पायलट, अगदी मोजकं बोलणारे. वय ऐकूनच त्यांनी मान हलवली. "नाइन्टी प्लस? कॅनॉट लाह." मी सगळी हकीकत सांगितली. सिटी बसच्या नोकरीपर्यंत मी आले तेव्हा त्यांनी चष्मा काढला. "संडे कॅन," म्हणाले. "मी शेजारी बसेन."

रविवारी आजोबा टाय लावून आले. थेट आत जायचं सोडून खाली यंत्राच्या पायांपाशी गेले आणि प्रदक्षिणा सुरू केली. चाकं नव्हती, म्हणून पाय तपासले. आईने चपला काढल्या आणि त्यांच्या मागून निघाली. मग मी, मग त्यांची लेक. इन्स्ट्रक्टर थोडा वेळ बघत राहिले आणि तेही शेवटी आमच्या रांगेत आले.

आत ते दोघे पुढे, आम्ही तिघी मागे. आईला मी सांगून ठेवलं होतं की खरं काही उडत नाही, तरी ती देवाचं नाव घेत होती. पडद्यावर चांगी विमानतळाची धावपट्टी समोर पळायला लागली, नाक वर झालं आणि खाली समुद्रात उभी असलेली जहाजं दिसू लागली. चमचा धरताना थरथरणारा आजोबांचा हात तिथे स्थिर होता. त्यांच्या लेकीने माझं मनगट आवळलं होतं, सोडायचं नाव नाही.

परतीची वेळ झाली. इन्स्ट्रक्टरनी बाजूचा फोन काढून त्यांच्या हातात दिला आणि म्हणाले, "पॅसेंजर्सना सांगा, कॅप्टन."

आजोबांनी फोन तोंडापाशी नेला आणि गप्प झाले. आईने माझ्या कानाशी विचारलं, "बोलत का नाहीयेत?" तो फोन कुठे जोडलेलाही नव्हता, हे फक्त मला आणि इन्स्ट्रक्टरना माहीत होतं.

मग आवाज आला, जरा फाटलेला. "लेडीज अँड जेंटलमेन, धिस इज युवर कॅप्टन." खाली हवा छान आहे, आपण उतरतोय, कृपया सीट बेल्ट बांधा.

आईला त्यातलं कॅप्टन आणि सीट बेल्ट एवढंच कळलं. तिचा पट्टा बांधलेलाच होता. तिने तो सोडला आणि पुन्हा नीट बांधला, खट्. तो आवाज आजोबांना पुढे ऐकू गेला. त्यांनी मान वळवली नाही, फक्त फोन जागेवर ठेवला आणि उतरायला लागले. चाकं टेकताना एक दणका बसला. "सॉरी, बसची सवय," म्हणाले. आम्ही सगळे हसत होतो आणि डोळे पुसत होतो. इन्स्ट्रक्टरसुद्धा.

दुसऱ्या दिवशी लिफ्टमध्ये मी मुद्दामच म्हटलं, "गुड मॉर्निंग, लेफ्टनंट." त्यांनी माझ्याकडे वरून खाली पाहिलं. "कॅप्टन," म्हणाले.

पुढच्या वर्षी बापलेक अमेरिकेला परत गेले. नंतर एकदा सकाळी तिचा मेसेज आला की झोपेतच गेले. आई तेव्हा पुण्यात होती. मी तिला फोन लावला आणि कसंबसं सांगितलं, "आई, आपले आजोबा गेले गं."

ती म्हणाली, "आजोबा काय म्हणतेस? कॅप्टन गेले म्हण."

"हो," मी म्हटलं. "कॅप्टन गेले."